विंडसॉकचा हिरवा पट्टा

आधीच सांगून ठेवते, भूतखेत, करणी, भानामती यातलं मी काहीही मानत नाही. आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही! तेव्हा कमेंटमध्ये लिंबू-मिरची सुचवू नका.

मी कन्हेरीची. बारामतीच्या विमानतळावर पायलटचं ट्रेनिंग घेते. माझे वडील, म्हणजे तात्या, तिथंच धावपट्टीच्या देखभालीला आहेत. धावपट्टीशेजारी खांबाला केशरी-पांढरी कापडी पिशवी असते... विंडसॉक. वारा कुठून येतोय ते वरून तिच्याकडं बघून कळतं. तिची शिवण उसवली की ती थेट आमच्या घरी येते, आईच्या शिलाई मशीनवर. नवी मागवली तर महिना जातो, आईला तास पुरतो.

यंदा अंदाजच आला होता, उन्हाळा नेहमीपेक्षा कडक म्हणून. तापलेली हवा विरळ होते, विमान उचलायला जड जातं, आणि ऊन चढलं की नांगरलेल्या रानातून वावटळी उठतात. म्हणून सोलो, म्हणजे एकट्यानं उडणाऱ्यांनी अकराच्या आत उतरायचं, असा नियम झाला. आमच्याकडं बायका वावटळीवर चप्पल भिरकावतात. आत भूत असतं म्हणे! यावरून मी आईला किती चिडवलंय, विचारू नका.

त्या दिवशी साडेनऊला मी एकटी उडाले. इंदापूर, तिथून उजनीच्या पाण्याच्या कडेनं डाळज, आणि परत. येताना हादरे बसायला लागले होते. अकराला दहा कमी होती. रेडिओवर मला शिकवणारे सर म्हणाले, "वारा शांत आहे, ये."

उतरायला लागले... आणि विंडसॉक दिसला. ताठ! वारा माझ्या पाठीमागून. पिशवीच्या तोंडाशी हिरवा पट्टा. हिरवा कशाला, असं मनात आलंसुद्धा. पण पाठीवर एवढा वारा घेऊन उतरायचं नसतं. मी पूर्ण पॉवर दिली आणि विमान वर घेतलं. मग खाली बघते तर जिथं चाकं टेकणार होती, नेमकी तिथंच वावटळ उठत होती.

दुसऱ्या फेरीत उतरले. विमानातून बाहेर आले आणि खांबाकडं बघितलं. खांब रिकामा होता.

"तू उडाल्यावर तात्यांनी विंडसॉक काढून घरी नेला, शिवण उसवली होती," सर म्हणाले. "रेडिओवर सांगायचं राहिलं, चूक माझी. पण वावटळ उठायच्या आधीच तू वर गेलीस. कशावरून?"

मी सांगितलं. सरांनी रिपोर्टचा कोरा कागद माझ्यापुढं ठेवला.

"वावटळ दिसली असं लिही, विषय संपला. नसलेली वस्तू दिसली असं लिहिलंस तर तुझं सोलो बंद होईल. मेडिकलही पुन्हा."

मला राग आला. खरं बोलायचं आणि वर शिक्षा? मी लिहिलं, 'विंडसॉक ताठ दिसला. तोंडाशी हिरवा पट्टा होता.' खाली सही ठोकली.

घरी गेले. मशीनवर विंडसॉक पडलेला. तोंडाशी हिरवा पट्टा.

"आई, हे हिरवं काय?"

"केशरी कापड संपलं हुतं. माझ्या ब्लाउजपीसचं लावलं. का गं, वाईट दिसतंय व्हय?"

"कधी लावलंस?"

"अकरा वाजायच्या आदी. पट्टा लावून हुतोय तवर वावटळ घरात घुसली की! पिशवी अशी फुगली, हातात ऱ्हाईना. मी चप्पल भिरकावली तवा कुठं गेली."

मी हसले नाही. तिथंच खाली बसले आणि रडले.

"काय झालं गं?"

"काही नाही. भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पिशवी खांबावर चढवली. सर बराच वेळ खाली उभे राहून बघत होते. मग आत आले आणि माझा कागद पुढं सरकवला. "अजून बदलता येईल."

"नाही सर."

सोलो पंधरा दिवस बंद राहिलं. मेडिकल झालं, डोळे आणि डोकं दोन्ही ठणठणीत निघाले. परवा पुन्हा एकटी उडून आले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. भूत म्हणाल तर मी भांडेन, भास म्हणाल तरी भांडेन... भासाला आईच्या ब्लाउजपीसचा रंग कुठून कळला? खांब रिकामा होता, हे मला मान्य आहे. पिशवी ताठ होती, हेही खरं आहे. तो कागद अजून फाइलमध्ये आहे, आणि त्याच्यावरची सही माझी आहे.