'मारलं' या शब्दाचा तपास

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला चोर कुठल्या हद्दीतला, हेही सांगता येत नाही. एका बँडवाल्याचा तपास मात्र जसाच्या तसा लक्षात राहिला आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा झाला होता. मुख्यालयात टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. आमचा अर्धा बंदोबस्त पाण्याच्या टँकरवरच असायचा. टँकरपाशी घागरींवरून डोकी फुटत आणि दोन्हीकडचे लोक रक्ताळलेले सदरे घालून ठाण्यात येत. फिर्याद लिहून झाली की त्यांच्यातलाच एखादा हळूच विचारी, "साहेब, प्यायला पाणी हाय का?"

उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या एका ठाण्याचा चार्ज मी घेतला. माझ्या आधीचे अधिकारी नव्या मुख्यालयात निघाले होते. जाताना ते म्हणाले, "एक खून आहे, पण काळजी नको. आरोपी आत आहे, कबूलही आहे. दोषारोपपत्र तेवढं पाठवा."

प्रकरण असं होतं. गावात लग्नाचा एक बँड होता. त्यात कॉर्नेट, म्हणजे तुतारीसारखा पितळी बाजा, वाजवणारा पंचविशीतला एक तरुण होता. बौद्ध घरातला, नुकतं लग्न झालेला. आदल्या लग्नसराईत तो एका वरातीतून निघून गेला, तो परत आलाच नाही. बायकोने तो बेपत्ता असल्याची तक्रार दाखल केली. वर्षभर काही कळलं नाही. मग दुष्काळी कामावर एका पडक्या विहिरीचा गाळ काढताना मजुरांना मानवी सांगाडा सापडला. त्याला लाल कापडाचा कुजका तुकडा चिकटलेला होता आणि कापडाला पितळी बटणं होती. बँडच्या कोटाची बटणं. डॉक्टरांनी सांगितलं, सांगाडा जवान पुरुषाचा, मृत्यूचं कारण सांगता येत नाही. बायकोने कोट ओळखला. बँडच्या मास्तरचं आणि त्या तरुणाचं वरातीत भांडण झालं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मास्तरला अटक झाली, आणि पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं की मीच त्याला मारलं.

मास्तर साठीचा मुसलमान गृहस्थ होता. बारीक चणीचा, छाती फुंकून फुंकून खोल गेलेली. कोठडीच्या भिंतीला टेकून बसलेला असे. जेवण ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागत नसे. मी आरोपी पुष्कळ पाहिले होते. खून केलेला माणूस आपण का केला हे सांगायला उतावीळ असतो. समोरच्याचीच चूक कशी होती, हे तो न विचारता सांगतो. हा माणूस मेलेल्याविषयी एक वाईट शब्द बोलत नव्हता.

मी त्याला बाहेर काढून माझ्यासमोर स्टुलावर बसवलं. चहा मागवला.

"मास्तर, पोराला ओळखत होतात कधीपासून?"

"इत्ता था साब." त्याने टेबलाच्या उंचीएवढा हात धरला. "मैंच सिखाया. पहले फूंकना, फिर उंगली."

"मग मारलं का?"

तो रडायला लागला. "मारा साब. मैंच मारा. सबके सामने मारा."

सबके सामने. मी लेखनिकाकडे पाहिलं. जबाबात हे शब्द नव्हते. तिथे नुसतं 'मी त्याला मारले' असं होतं.

"सगळ्यांसमोर मारलं? कशानं?"

त्याने मान वर केली. मी असं का विचारतो हेच त्याला कळेना. त्याने उजवा हात पुढे केला, तळवा उघडा.

"हाथ से, साब. एक झापड."

"आणि मग?"

"मग काय. बाजा ठेवला त्यानं खाली. चला गया."

"मास्तर, विहिरीत कुणी टाकलं?"

"वो मैं क्या जानूँ? दुःखानं गेला असंल. माझ्या झापडीनं गेला ना साब. म्हणजे मैंच मारा ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न होतं. भर उन्हात वरात चालली होती. मांडवापाशी वऱ्हाडासाठी पाण्याचा रांजण भरून ठेवला होता. दुष्काळात तो रांजण म्हणजे यजमानाची इभ्रत. बँडवाल्यांना पाणी शेवटी मिळायचं, तेही वरून ओंजळीत ओतलेलं. दुपारपासून फुंकून घसा कोरडा पडलेल्या त्या तरुणाने रांजणातला तांब्या सरळ हातात घेतला आणि प्याला. नवऱ्याकडच्या कुणीतरी आरडाओरडा केला. तरुणाने उलट उत्तर दिलं. पाच-पंचवीस माणसं धावली. एकाच्या हातात मांडवाचा बांबू होता. तेव्हा मास्तर मध्ये पडला आणि त्याने स्वतःच पोराच्या थोबाडीत दिली, म्हणाला, माझा माणूस आहे, मी बघून घेतो. माणसं थांबली. पोर वाचलं. पण ते मास्तरकडे एकदा बघून निघून गेलं.

"मैं नहीं मारता तो वो लोग मारते," तो म्हणाला. "पण त्याला कुठं कळलं ते?"

मी बँडमधल्या बाकीच्यांना एकेकटं बोलावलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. आधी का नाही बोललात, असं विचारल्यावर झांजवाला म्हणाला, "आमी बोल्लोच की साहेब. मास्तरनं मारलं म्हनून. तेच लिवलं तुमच्या मानसानं." हा शब्द ठाण्यात यायच्या आधी गावात फिरला होता. पारावरून पाणवठ्यावर, तिथून त्या तरुणाच्या बायकोपर्यंत. सांगाडा निघाल्यावर त्याचा अर्थच बदलून गेला.

मी बायकोला समजावून पाहिलं. ती दुष्काळी कामावर मातीच्या पाट्या वाहत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग ती हाडं कुनाची?" ते ठरल्याशिवाय मास्तरला सोडता येत नव्हतं. पोलीस कोठडीची मुदत संपल्यावर मास्तर न्यायालयीन कोठडीत गेला.

खबर आली ती अगदी अनपेक्षितपणे. नांदेडचा एक ड्रम वाजवणारा आमच्या हद्दीत लग्नाला आला होता. लाउडस्पीकरच्या परवान्यासाठी ठाण्यात बसला असताना बँडच्या धंद्यावरून मास्तरचा विषय निघाला. तो हसायलाच लागला.

"कुणाचा खून झाला म्हनता साहेब? तो तर गोव्यात समुद्रावर वाजवून राहिला. मीच पाहिलो की. लग्नात संगं वाजवलोय आमी, वळखतो त्याला."

"कधी पाहिलास?"

"हंगाम संपताना. मी होतो तिथं एका हॉटेलात वाजवायला. तिथल्या एका कोळ्यांच्या गावात दरसाल वाळूवर गाण्याबजावण्याचा मेळा असतो, सारं गाव वर्गणी काढतं. दूरदूरचे बँड येतात. त्यातल्या एकात हाय हा. यंदाचा मेळा आता आलाच."

वरिष्ठांना फोन लावला. साहेब म्हणाले, "टँकरवर माणूस पुरत नाही आणि तुम्ही गोव्याला हवा खायला निघालात?" मी म्हटलं, "साहेब, मयत माणूस जिवंत असेल तर एक म्हातारा फुकट तुरुंगात आहे." मग परवानगी मिळाली. त्या तरुणाच्याच गावचा एक हवालदार माझ्याकडे होता, तो त्याला चेहऱ्याने ओळखत होता. त्याला घेतलं. एस.टी.ने मिरज, तिथून मीटरगेजच्या छोट्या रेल्वेने गोवा. घाट उतरताना हवालदार खिडकीतून हिरवळ बघत बसला होता. म्हणाला, "साहेब, हितं देव येगळा हाय का?"

स्थानिक ठाण्यातला एक जमादार आमच्यासोबत आला. दुपार कलली होती. चर्चच्या मागे, नारळीच्या झाडांपलीकडे होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये फळ्यांचं स्टेज बांधलं होतं. मी नोकरीत जत्रा खूप पाहिल्या. जत्रेत पोलिसाची नजर खिसेकापू शोधत फिरते. इथे मला ती कुठे ठेवावी तेच कळेना. म्हाताऱ्या बायका नातवंडांना कडेवर घेऊन नाचत होत्या. मासे विकणाऱ्या बायका टोपल्या बाजूला ठेवून नाचत होत्या. स्टेजवर एक पोरगा गिटारवर तोच तो ठेका धरून होता, आळसावलेला, मध्येच अडखळल्यासारखा. जमादार म्हणाला, "हे रेगे. वेस्ट इंडीजचं. आमच्या पोरांना याचं वेड." पुढचा बँड चढला, त्यांच्याकडे ढोलकीसारखी उभी वाद्यं आणि खुळखुळे होते. "हे लॅटिन म्हणतात ते. क्यूबा, ब्राझील, तिकडचं. हे मात्र आमच्या बापाच्या वेळेपासून वाजवतात."

त्या बँडमध्ये चौथा माणूस कॉर्नेट घेऊन उभा होता. फुलाफुलांचा सदरा, अंगाने भरलेला. हवालदाराने माझा दंड धरला.

"त्योच हाय साहेब."

आम्ही साध्या कपड्यांत होतो. पण गाण्याच्या मध्यात त्याची नजर हवालदारावर पडली. कॉर्नेट ओठांवरून खाली आला. बाकीचे वाजवत राहिले. एक कडवं त्याच्याशिवाय गेलं. मग त्याने कॉर्नेट पुन्हा वर घेतला आणि गाणं संपेपर्यंत वाजवलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण नाचणारी माणसं त्याच्या सुरावर आणखी जोरात नाचली एवढं दिसलं.

तो स्वतःच खाली उतरून आला. "आई गेली का?" त्याने हवालदाराला पहिलं हेच विचारलं.

"न्हाई. तूच गेलास," हवालदार म्हणाला.

आम्ही होडीच्या सावलीत बसलो. मी त्याला विहीर, सांगाडा, कोट सगळं सांगितलं. मास्तर तुरुंगात आहे म्हटल्यावर तो आधी हसला. मी थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू थांबलं.

"मास्तर काय म्हनला?"

"मारलं म्हणाला."

तो वाळूकडे बघत राहिला. "मारलं तर हाय," तो म्हणाला.

"बांबूवाल्यांपासून वाचवायला मारलं, हे कळलं नाही तुला?"

"तवाच कळलं साहेब. पन गालाला न्हाई कळलं."

बायकोला का नाही कळवलं, असं विचारलं. "काय सांगू तिला? एक तांब्या पान्यापायी मार खाल्ला? आधी वाटलं खोली घेऊ, मग आनू. मग लई दिवस झाले. जितके दिवस झाले, तितकं तोंड दाखवनं अवघड होत गेलं." मग स्टेजकडे हात करून म्हणाला, "ते बघा, सगळ्यांचा एकच माठ हाय. पहिल्या दिवशी मी ओंजळ धरून उभा राहिलो. ते म्हनले, ग्लास घे की."

त्याने कुठलाही गुन्हा केला नव्हता. बायकोला न सांगता निघून जाणं कायद्याने गुन्हा ठरत नाही. माझा त्याच्यावर जोर नव्हता. मी म्हटलं, "तू येऊन न्यायालयात उभा राहिलास तर मास्तर सुटेल. सकाळची गाडी आहे." त्याने लगेच होकारार्थी मान हलवली. त्या संध्याकाळी तो आणखी एकदा वाजवायला चढला आणि मी वाळूवर बसून ऐकलं. गुडघे दुखत होते, दोन दिवस धड झोप नव्हती. कित्येक महिन्यांत मी असा कुठे नुसता बसलो नव्हतो.

पुढचं काम कागदी होतं. तरुणाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं, ओळख पटवली, मास्तरच्या सुटकेचा अहवाल दिला. मास्तरला आणलं तेव्हा तो दारातच थांबला. जवळ येऊन त्याने पोराच्या दोन्ही खांद्यांना चाचपून पाहिलं. "मोटा हो गया रे," एवढंच म्हणाला. पोराने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

बायको आवारात लिंबाखाली उभी होती, डोक्यावरची चुंबळ तशीच. कामावरून सरळ आली होती. नवरा पुढे गेला. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जिता हाईस, बरं झालं," ती म्हणाली. "माझं रडून झालंय. आता तुज्यासाठी पुन्हा रडनार न्हाई." आणि वळून चालू लागली.

सांगाड्याची ओळख पटली नाही. मास्तर दरवर्षी जुने कोट मागेल त्याला देऊन टाकायचा. भिकारी, राखणदार, दुष्काळात वाट फुटेल तिकडे चाललेले मजूर, कुणीही घालत. आसपासच्या ठाण्यांना, पलीकडे कर्नाटकात, खाली आंध्रातही बिनतारी संदेश पाठवले. कुणी आलं नाही. अकस्मात मृत्यूची नोंद तशीच राहिली. आमच्याच शिपायांनी त्याचा अंत्यविधी केला.

या तपासाने मला शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं. माणूस शब्द बोलतो आणि पोलीस वाक्य लिहितो, या दोन्हींच्या मध्ये एखाद्याचा जन्म अडकू शकतो. त्यानंतर जबाब घेताना मी प्रत्येक क्रियापदापाशी थांबू लागलो. हाताखालचे लोक कंटाळायचे. कंटाळू देत.

पण आठवण येते ती दुसऱ्याच गोष्टीची. महिनाभराने त्या तरुणाची बायको एकटीच ठाण्यात आली. मला वाटलं, नवऱ्याविरुद्ध तक्रार असेल. मी कागद पुढे ओढला. ती म्हणाली, "लिवायचं काय न्हाई साहेब. इचारायचंय."

"विचार."

"तो म्हनतो, चल माज्यासंग तिकडं. त्याचं मी ऐकनार न्हाई, त्यानं मला वर्षभर फसवलंय. पन तुमी जाऊन आलात. तिथली मानसं कशी हाईत?"

सबंध नोकरीत लोकांनी माझ्याकडे खूप काही मागितलं. मी काय पाहिलं, एवढंच विचारायला कुणी आलं नव्हतं. मी तिला चांगलं वाटेल असं बोललो नाही आणि भीतीही घातली नाही. तिथली भाषा वेगळी आहे, खोल्या दमट आहेत, दारू पुष्कळ चालते, पावसाळ्यात वाजवायचं काम बंद असतं, हे सांगितलं. म्हाताऱ्या बायका भर उजेडात नाचतात, हे सांगितलं. माठ एक आहे आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, हेही सांगितलं.

तिने नीट ऐकून घेतलं. "मंग बघते जाऊन," ती म्हणाली. "न्हाई पटलं तर येईन परत. वाट तर कळली."

ती गेल्यावर मी पुढे ओढलेला कोरा कागद परत गठ्ठ्यात ठेवला आणि टँकरच्या बंदोबस्ताला निघालो.