राजा मातीत सापडेना

आमच्या वहिनी सातवीला इतिहास शिकवतात. मी त्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर, म्हणजे घरी त्यांचा दीर आणि शाळेत सहकारी. वहिनींचं मत पक्कं आहे: प्राचीन संस्कृती ही घोकायची गोष्ट नाही, उकरायची गोष्ट आहे. नाईलच्या काठी काय पिकायचं हे पोरं धडाधड म्हणून दाखवतात आणि परीक्षा संपली की पाटी कोरी.

यंदा त्यांनी दोन्ही तुकड्यांना कामाला लावलं. 'अ' तुकडीने मनाने एक संस्कृती रचायची आणि तिच्या वस्तू मैदानामागे पुरायच्या. 'ब' तुकडीने त्या ब्रशने हळूहळू मोकळ्या करून ते लोक कसे जगत असतील ते सांगायचं. एकमेकांजवळ गुपित फोडायचं नाही.

माझ्या आईने सुनेपुढे फुटक्या कपांचं गाठोडं ठेवलं. "ने गं. काल ते भंगार होतं, आता प्राचीन झालं."

मुख्याध्यापक म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्यांनी वहिनींना बोलावून घेतलं. "बाई, धडे मागे पडलेत आणि तुम्ही खड्डे खणताय."

"धडा तिथेच चाललाय, सर. शुक्रवारी येऊन बघा. नाही पटलं तर खड्डा मी स्वतः बुजवीन," वहिनी म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता.

शुक्रवारी सर हाताची घडी घालून उभे राहिले. 'ब' तुकडीतली एक उंच मुलगी पुढे आली. तिला सगळे वकिलीण म्हणतात.

"हे लोक नदीकाठी राहायचे, शिंपले सापडलेत. धान्य साठवायचे, रांजणाचे तुकडे आहेत. घरांचे पाये सगळे एकाच मापाचे, सगळ्यांचे कप सारखे. म्हणजे यांच्यात राजा नव्हता."

'अ' तुकडीत गलका झाला. "बाई, राजा होता. केवढं मोठं सैन्य होतं त्याचं. आम्ही नावसुद्धा ठेवलं होतं."

"असेल की," वहिनी म्हणाल्या. "मातीत कुठे ठेवलात त्याला?"

राजाच्या लढायांच्या गोष्टी रचण्यात सगळे इतके रंगले होते, की मुकुट, शिक्का, राजवाडा यांतलं काहीच कुणी पुरलं नव्हतं.

"आणि तू," वहिनी वकिलिणीकडे वळल्या, "राजा नव्हता असं म्हणू नकोस. अजून सापडला नाही, एवढंच म्हण."

तिने जरा विचार करून मान डोलावली.

तोवर सरांनी वाकून भोक पाडलेली एक मातीची चकती उचलली होती. "हे वजन असणार. तराजूचं."

"कशावरून, सर?" वकिलिणीने विचारलं.

सरांनी चष्मा पुसला आणि ते उकिडवे बसले. "दे तो ब्रश इकडे. भोकाच्या कडा दोरीने घासलेल्या दिसतात का बघू."

घंटा झाली. पुढचा तास त्यांचाच होता, गणिताचा. तो काही झाला नाही.

सोमवारी 'अ' तुकडीने दुसरा डाव मागितला. "पाण्याच्या टाकीपासून लांब खणा," एवढंच सर म्हणाले. आता राजवाड्याच्या विटा थापण्यात माझे चित्रकलेचे तास चाललेत. त्यासाठी वहिनी मला विचारत नाहीत, नुसतं सांगतात.