रिकाम्या कॅमेऱ्यातल्या वहिनी

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी नागपुरात गॅलरीत मेथी निवडत बसले होते. ‘आत्या, आई गेली,’ एवढंच तो बोलला. मेथीची जुडी तशीच मांडीवर... आजारपण लांबलं होतं, कळत होतं सगळं. फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, ‘तुझ्याकडे आईचा एखादा ढंगाचा फोटो आहे का? इथं एकही मिळून नाही राहिला.’ मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला जीभ रेटेना. मग कपाट, ट्रंक, पलंगाखालची पेटी, सगळं उपसलं. लग्नातला एक घोळक्याचा फोटो सापडला. त्यात मिलिंदची आई, म्हणजे माझ्या वहिनी, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत आहेत आणि कपाळापर्यंत पदर. चेहरा म्हणून जे दिसतं ते नाकाचं टोक.

शालूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जबलपूरला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होता आणि आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वहिनी अमरावतीहून लग्न होऊन आल्या त्या भांड्यांबरोबर एक कॅमेरा घेऊन. वडिलांना हौस होती, त्यांनी लेकीला शिकवलं आणि जाताना कॅमेराच हातात ठेवला. आमची आई आठ दिवस फुगून बसली होती, की सून आली ती चांदीचा तांब्या आणायचा सोडून डबडं घेऊन आली. पुढे हीच आई येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून सुनेचा कॅमेरा दाखवायची. पण त्या कॅमेऱ्यामागे कायम वहिनी. कोणी म्हणालं, आता तुम्ही उभ्या राहा, तर म्हणायच्या, ‘मी काढते नं, तुम्ही राहा उभे.’ म्हणून सगळ्यांचे फोटो आहेत आणि त्यांचा नाही. अलीकडचे मोबाइलवरचे काही आहेत, पण ते आजारपणातले. त्यातली बाई मला वहिनी वाटत नाही.

बांगलादेशची लढाई झाली त्या वर्षी मी कॉलेजात होते. फॅक्टरीचा भोंगा वेळीअवेळी वाजायचा, पुरुषमंडळी दुहेरी पाळ्या करून घरी येत ती जेवता जेवता पेंगायची. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले. दुपारी क्वार्टरमधल्या बाया रेडिओपुढे बसून एकमेकींना घाबरवायच्या. वहिनींना ते सोसेना. एक दिवस त्यांनी रेडिओ बंद केला, कॅमेरा आणला आणि म्हणाल्या, चला, आज फोटो काढायला शिकू. रोल कुठे होता म्हणा! बाजारात रोल मिळणं मुश्कील झालं होतं. कॅमेऱ्यात होता त्यातलं एकच चित्र उरलेलं. ते वाया जायला नको म्हणून वहिनींनी अमरावतीहून भावाचा जुना, तसलाच कॅमेरा मागवून घेतला. तो रिकामा. आमची शाळा त्या रिकाम्या कॅमेऱ्यावर भरायची.

शिकवणं असं होतं की हसून मुरकुंडी वळावी. कॅमेऱ्यावर तीन चकत्या. अंतर किती, भोक केवढं आणि ते किती वेळ उघडं राहणार. अंतर फुटांत. आता फूट कोणाला कळतो? वहिनींनी आईचं नऊवारी लुगडं अंगणात आडवं पसरलं आणि दर वाराला लाल दोऱ्याची गाठ मारली. वार सगळ्याजणींना डोळ्यांनी कळायचा. ‘तीन फूट म्हणजे वार. माणूस पदरापर्यंत उभं राहिलं का निऱ्यांपर्यंत, एवढं बघा,’ म्हणायच्या. पंधरा दिवसांत बाया चकतीकडे न बघता ‘अडीच वार’ सांगायला लागल्या. आकडा मोठा तर भोक लहान, हे काही केल्या डोक्यात शिरेना, तर वहिनी म्हणाल्या, शिवणाच्या रिळाचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो की नाही? तसंच. खिडकीचा उरलेला काळा कागद घेऊन त्यात लहानमोठी भोकं पाडून प्रत्येकीला डोळ्याला लावायला दिली. आणि वेळेसाठी निखाऱ्यावरचा पापड. आच मोठी तर हात लवकर मागे घ्यायचा, नाहीतर जळला. आच कमी आणि घाई केली तर कच्चा. आमच्या क्वार्टरमध्ये पुढे फोटोंना जळका आणि कच्चा असंच म्हणत.

आणि हे सगळं करून बघायचं कोणावर? तर वहिनींवर. त्या पेरूच्या झाडाखाली स्टूल टाकून बसायच्या. एकेक बाई गाठी मोजत समोर उभी राहायची, तिन्ही आकडे मोठ्यानं म्हणायची, खटका दाबायची, आणि वहिनी तिथूनच निकाल द्यायच्या. हा जळला. हा कच्चा. हा निघाला असता, पण तुझं बोट मध्ये आलं. सावलीत वेळ वाढवून ‘तीस’वर, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागावर, आणली की शिस्त कडक. माणसानं हलायचं नाही, काढणारीनं श्वास रोखायचा. मी जन्माची वेंधळी, माझा एकही फोटो त्यांनी पास केला नाही. जबलपुरात त्या वर्षी सगळ्यात जास्त फोटो कोणाचे निघाले असतील तर ते आमच्या वहिनींचे. आत रोल नव्हता, एवढंच.

खऱ्या कॅमेऱ्यातलं शेवटचं चित्र दादानं वहिनींसाठी राखून ठेवलं होतं. ‘हा तुझा,’ असं त्यानं सांगितलं होतं आणि तिसऱ्या माणसाचं त्यावर काही चालत नव्हतं. पण त्याला सुट्टी मिळेना. रविवार ठरायचा आणि भोंगा वाजायचा. वहिनींनी त्यासाठी इंदुरी साडी इस्त्री करून वेगळी ठेवली होती. मी चिडवायचे, साडीची घडी मोडण्याआधी लढाई संपेल. त्या नुसत्या हसायच्या, पण त्यांना तो फोटो हवा होता. त्यांच्या आईला पाठवायचा होता अमरावतीला.

अखेर डिसेंबरात एक सकाळ अशी आली की दादा घरी, ऊन छान आणि वहिनी इंदुरी नेसून तयार. तेवढ्यात शेजारची कुसुम, आमच्या रिकाम्या कॅमेऱ्याच्या शाळेतलीच, धावत आली. कुसुम वर्ध्याकडची, नवरा फौजेत, आघाडीवर. बाळंतपणाला ती भावाकडे आली होती. नवऱ्यानं लेकराचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्याच्या पलटणीतला एकजण सुट्टीवरून उद्या सकाळी परत निघत होता आणि चिठ्ठी नेईन म्हणाला होता. कुसुम काही मागायला आलीच नव्हती, नुसती सांगत होती. वहिनींनी क्षणभर स्वतःच्या साडीकडे पाहिलं... मी ते पाहिलं म्हणून सांगते. मग दादाच्या हातातला कॅमेरा घेऊन कुसुमच्या हातात दिला.

दादा म्हणाला, निदान मी तरी काढतो, पोरीच्या हातून एकुलतं एक चित्र बिघडेल. त्यावर वहिनी बोलल्या ते अजून कानात आहे. ‘तिलाच काढू द्या जी. लेकराकडे त्याच्या घरचं माणूस पाहून राहिलं, हे तिच्या नवऱ्याला समजलं पाहिजे.’

बाळ, म्हणजे पिंट्या, दीड महिन्याचं, बसणार कसं? वहिनी व्हरांड्याच्या सावलीत त्याला मांडीवर घेऊन बसल्या. कुसुमला बजावलं की एका वारावर ये, बाळच घे, मला घेऊ नकोस. दादा तोंड फुगवून सायकलीत हवा भरायला लागला आणि मला वहिनींनी चहा टाकायला आत पिटाळलं. मी स्वयंपाकघरात नुसता खटका ऐकला. मग दादा रोल घेऊन सायकलनं कमानिया गेटच्या स्टुडिओत गेला, तिथं हातापाया पडून संध्याकाळपर्यंत एक प्रत काढून घेतली. त्यानं न उघडताच आणलेलं पाकीट वहिनींनी दारातच घेतलं, उघडून पाहिलं आणि तसंच कुसुमकडे पोचवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, पिंट्या झकास निघाला. एवढंच. पुढे लढाई संपली, कुसुमचा नवरा धडधाकट परत आला, त्याची बदली झाली आणि ते कुटुंब गावोगाव फिरत राहिलं. आमची क्वार्टर सुटली तेव्हा निगेटिव्हांचा डबाही कुठेतरी गेला. इंदुरी साडीतला फोटो मात्र राहिलाच. दादा असेपर्यंत त्यावरून कुरकुरत असे.

तेराव्याला मी जबलपूरला गेले. राइट टाउनच्या घरात मिलिंदनं ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून हार घातला होता. पाहवेना. पोराला तरी काय बोलणार? दुपारी एक पांढऱ्या मिशांचा, गुडघ्यानं लंगडणारा धिप्पाड माणूस एका म्हातारीला हाताला धरून आत आला. पेपरातली निधनवार्ता वाचून जबलपुरातल्याच विजय नगरहून ऑटोनं आले होते. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘लता ना तू? मी कुसुम. हा पिंटू.’ आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. मग तिनं पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो काढला. चार घड्या पडलेला, कडा झिजलेल्या. नवरा आयुष्यभर पाकिटात बाळगत होता, म्हणाली.

मांडीवर दीड महिन्याचा पिंट्या, डोळ्यांच्या पापण्या मोजाव्यात इतका स्पष्ट. आणि त्याच्या वर वहिनी. पुऱ्या वहिनी, इंदुरी साडीतल्या, मान वर करून सरळ समोर बघणाऱ्या, तोंड अर्धवट उघडं. ओठ तेवढे हलले आहेत. एका वारावरून तर हे आलं नसतं.

‘मी मागे सरकली होती,’ कुसुम म्हणाली. ‘दीड वार. चकतीही फिरवली. नुसतं लेकरू दिसलं असतं तर यांना वाटलं असतं, मी एकटीच आहे. कोणाच्या मांडीवर आहे ते दिसायला नको?’

मी म्हटलं, वहिनी रागावल्या असतील. त्या काही बोलताना दिसतात.

‘रागावल्या नाही. मी तीसवर लावलं नं, तर श्वास रोख म्हणून सांगून राहिल्या होत्या.’

सगळ्यांना हलू नका म्हणणारी बाई स्वतः हलली होती, तेही शिकवण्यासाठी. मिलिंदनं फोटो खिडकीपाशी उजेडात नेला. आई तरुण असते हे मुलांना कुठे माहीत असतं! फोटो मोठा करायला दिला तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, ओठांचं हललेलं कॉम्प्युटरवर ठीक करून देतो. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. पिंटूला कापून फक्त आईचा करायचा का, तर तेही नको. आता भिंतीवर दोघं आहेत. येणारे विचारतात, मांडीवर मिलिंद का? आम्ही नाही म्हणतो, आणि मग सगळी गोष्ट सांगावी लागते.

मी निघायच्या आधी एकदा त्या फोटोसमोर उभी राहिले. अंदाजानं दीड वार मागे सरकले. वहिनी माझ्याकडे बघून तेच सांगत होत्या, आणि मी पन्नास वर्षांनी, हातात कॅमेरा नसताना, श्वास रोखून उभी होते. या वेळी तरी त्यांनी मला पास केलं असतं.