एकशे ऐंशी ग्रॅमची अन्नपूर्णा

२००६च्या फेब्रुवारीत, निघायच्या आदल्या दिवशी, जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या आमच्या स्वयंपाकघरात मी अन्नपूर्णा वजनकाट्यावर ठेवली. एकशे ऐंशी ग्रॅम. बेटावर जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी वीस किलोच सामान चालणार होतं. पितळेची ती मूर्ती बायकोला तिच्या आईनं लग्नात दिलेली. आता मुलीनं गौरीहर पुजावा आणि मूर्ती सासरी न्यावी, एवढीच बायकोची अट होती. बाकी सगळं मुलीनं आणि जर्मन जावयानं ठरवलं होतं. कायद्याचं लग्न श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे तिकडच्या नोंदणी कचेरीत, अकरा मिनिटांत उरकलं होतं. समारंभ मात्र मालदीवच्या बेटावर, तिथल्या परंपरेप्रमाणे.

माले विमानतळावरच्या फॉर्मवर विचारलं होतं, पूजेच्या मूर्ती आहेत का? मी 'हो'वर खूण केली. देशात मूर्ती आणता येत नाहीत, असा नियम अधिकाऱ्यानं नम्रपणे सांगितला, मूर्ती ठेवून घेतली आणि पावती दिली. परतताना घेऊन जा म्हणाला.

"अहो, लिहायलाच हवं होतं का? साडीत गुंडाळली होती मी. कोण बघणार होतं?"

मी पावती पाकिटात ठेवली. "बाबा, इस्ट डोख एगाल," मुलगी म्हणाली. काय फरक पडतो म्हणे. बायकोनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी गौरीहराची वेळ मुलीचे केस बांधण्यात गेली. वाळूवर झावळ्यांची कमान, सहा ढोल, बारा खुर्च्या. माझी चौथी. कमान बांधणाऱ्या म्हाताऱ्याला मी हिंदीत विचारलं, तुमच्या मुलींची लग्नं अशीच होतात का?

तो हसला. "हे पाहुण्यांसाठी. आमच्यात काझीसमोर नवरा बसतो आणि मुलीचा बाप. मुलगी घरी असली तरी चालतं, बापावाचून अडतं. तुम्ही कोण?"

"बाप."

त्यानं माझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि तो कमानीची गाठ आवळायला लागला.

परतताना पावती दाखवून मूर्ती घेतली. मुलगी-जावई आठवडाभर तिथंच राहिले आणि परस्पर बर्लिनला आपल्या घरी गेले. "आलीस की घेऊन जा गं," बायको फोनवर सांगायची. "हो आई, पुढच्या वेळी." त्यानंतर मुलगी पाच वेळा आली. पाचव्या खेपेनंतर बायकोनं मूर्ती देव्हाऱ्यातून उचलली, त्याच साडीत गुंडाळली आणि कपाटात ठेवली.

"तुमच्या त्या एका खुणेनं घात केला," ती अजून म्हणते.

मी 'नाही' लिहिलं असतं तरी मुलीनं ती नेली नसती, असं मला वाटतं. ते मी बायकोला सांगत नाही. खुणेचा दोष माझ्याकडे आहे तोवर मुलीचा तरी नाही.