हवाबंद पाहुणचार

समस्त मराठीभाषक जनतेस, विशेषतः ज्यांच्या घरी पाहुणे जमिनीवर गादी घालून झोपतात अशा गृहस्थांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात, शारजातल्या आमच्या फ्लॅटमधली एक खिडकी मिटली. मिटवणारा माझा कॉलेजचा मित्र होता, आणि इतकं देखणं काम मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही.

मित्र दुबईत, टॉवरना काचा बसवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. चाळिसाव्या मजल्यावर वाळूचा एक कण आत आला तर याचं जेवण जात नसे. मंदी आली, टॉवर अर्ध्यातच थांबले, कंपनीने त्याला एका सकाळी खलास म्हणून सांगितलं आणि तो नि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, राहत होते ते कंपनीचं घरही गेलं. माझ्या बायकोने हुकूम सोडला, "नोकरी मिळेपर्यंत दोघांनी इथेच राहायचं." मुलीला आमच्या खोलीत घेतलं आणि तिची छोटी खोली त्या दोघांना दिली.

भिडस्त माणूस फुकट राहू लागला की काय करतो? दुरुस्ती करतो. बघता बघता आमचे नळ गळायचे थांबले, दारं कुरकुरायची थांबली, आणि बायको "भाऊजींचा हात म्हणजे हात!" असं म्हणायची ती माझ्याकडे रोखून बघत.

त्यांच्या खोलीतला एसी मात्र धड गार करीत नव्हता. बिल्डिंगचा मेन्टेनन्सवाला दोनदा आला, "गैस कम है" म्हणाला आणि भरून गेला. थोडे दिवस गारवा, मग पुन्हा तेच. मित्राने हात पाठीमागे बांधून खोलीची पाहणी केली आणि निदान केलं, "थंडावा खिडकीतून पळतोय. तुझं बिल वाढतंय रे!" मग जुन्या साइटवरची सिलिकॉनची गन निघाली. देवघरातली रांगोळी काढावी तशा तन्मयतेने त्याने एकेक फट भरली. दाराखाली रबराची पट्टी मारली. मागे सरून स्वतःचं काम पाहिलं आणि म्हणाला, "आता मुंगीने आत येऊन दाखवावं."

मुंगी आली नाही. वहिनींना मात्र चक्कर येऊ लागली.

मित्र सीव्ही घेऊन ऑफिसं पालथी घालायला जाई, आम्हीही कामावर. दुपारी वहिनी गादीवर जरा आडव्या होत आणि उठताना डोकं जड, मळमळ, छातीत धडधड. दवाखान्यात बीपी ठीक निघालं. मग घरातले सगळेच डॉक्टर झाले. "टेन्शन," मी म्हणालो. "उष्णता," बायको म्हणाली आणि तिने सब्जा भिजत घातला. मित्राचंही डोकं सकाळी जड असे, ते त्याने नोकरीच्या काळजीवर ढकललं. एक दिवस हळूच मला म्हणाला, "तिला पुण्याला पाठवतो. हा देश तिला मानवत नाही. मी बघतो इथे एकटा, जमेल तितके दिवस."

वहिनींना जायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आपल्यामुळे साऱ्या घराला घोर नको म्हणून त्या "बरं" म्हणाल्या. मधूनच लिफ्टपाशी, जिन्याच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या दिसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "इथे उजेड बरा आहे हो, भाऊजी." डोळे मात्र ताजेतवाने.

तिकिटाची चौकशी चालू असतानाच एका शुक्रवारी एसीने मान टाकली. तोच मेन्टेनन्सवाला आला. "हर बार भरता हूँ, जाता किधर है?" असं पुटपुटत त्याने पाइपाच्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं. टपोरे बुडबुडे फुगू लागले.

"लीक है. पहले खिड़की खोलो."

"नहीं खुलेगी," मित्र म्हणाला. देवाशपथ सांगतो, त्याच्या आवाजात अभिमान होता.

"कैसे नहीं खुलेगी?"

"सील किया है. पूरा."

त्या माणसाने खिडकी पाहिली, दाराखालची पट्टी पाहिली, मग जमिनीवरची गादी. "ये गैस भारी होती है साहब, नीचे बैठती है. इधर कौन सोता है?"

"अगं बाई!" माझी बायको किंचाळलीच. "म्हणून ही लिफ्टपाशी बरी असते!"

मित्र स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आला. स्वतःचं काम स्वतःच कापू लागला. आणि ते काही केल्या सुटेना. फारच उत्तम केलं होतं ना! शेवटी तावदान सरकलं, भट्टीसारखा वारा धूळ घेऊन आत घुसला आणि वहिनी त्याच्यापुढे महाबळेश्वरला उभ्या असल्यासारख्या उभ्या राहिल्या.

सांधा नवा झाला. खोलीत खाट आली, खिडकी सकाळ-संध्याकाळ उघडू लागली. वहिनींची चक्कर गेली ती गेलीच. पण मित्राच्या मनातून ती गादी जाईना. जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "तरी तू जाच. माझ्याजवळ राहून तुला काय मिळालं? तिकडे मोकळी हवा तरी मिळेल."

आमच्याकडे इतके दिवस राहून ज्या बाईने कधी लोणच्याची दुसरी फोड मागितली नव्हती, तिने हातातली पोळी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर भडकून म्हणाली,

"मी नाही जात! एकटे राहिलात तर उद्या दारालासुद्धा सिलिकॉन लावून आत बसाल, मग तुम्हाला बाहेर कोण काढणार?"