मी बुडवलेली कांद्याची चाळ

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगते. जाऊ द्या, हसणारच आहात; निदान तोंडातला चहा तेवढा गिळून घ्या.

मी एका छोट्या कन्सल्टन्सीत काम करते. पाऊस झाला की ओढ्याचं पाणी कुठवर चढेल, हे कॉम्प्युटरवर काढायचं. लग्नाला तीन महिने झालेत. सासरी माझी ख्याती एकच : 'लई गुणी, तोंडातून शब्द नाय काढत.' सगळा घोळ तिथंच झाला.

ऑफिसनं काम दिलं. वैजापूरकडचा एक रस्ता रुंद होणार, त्याखालची मोरी पुरेल का बघा. मोरी म्हणजे ओढा रस्त्याखालून जावा म्हणून टाकलेल्या सिमेंटच्या नळ्या. आणि गाव कुठलं निघावं? सासरचं!

शनिवारी शहरात, गारखेड्याच्या घरी, डायनिंग टेबलावरच्या लॅपटॉपवर ओढ्याचं मॉडेल चालवलं. पाणी मोरीपाशी आलं आणि चढायला लागलं. चढतंय, चढतंय, थांबेचना! नळ्या मोठ्या केल्या. तरी चढतंय. मग इतक्या मोठ्या केल्या की उसाची ट्रॉली आरपार जावी. तरीही चढतंय! एखादी शहाणी म्हणाली असती, बाई गं, तुझंच काहीतरी चुकलंय. मी काय म्हणाले? गाव धोक्यात आहे!

तेवढ्यात सासरे, म्हणजे आमचे अण्णा, मागं येऊन उभे राहिले.

"हे निळं निळं काय गं?"

"पाणी, अण्णा. आपल्या गावच्या ओढ्याचं."

अण्णांनी चष्मा चढवला. "हा रस्ता… ही मोरी… अगं, मग ही तर नानाची चाळ!"

नाना म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. गावाकडची शेती तेच बघतात. चाळीत अख्खा उन्हाळी कांदा भरलेला, आणि माझ्या स्क्रीनवर चाळीत पुरुषभर पाणी.

"पण अण्णा, अजून…"

नव्या सुनेचं वाक्य 'पण अण्णा'च्या पुढं जात नसतं. अण्णा गॅलरीत पोचलेही होते. गावाकडं बोलताना त्यांचा आवाज असा लागतो की मधे फोन कशाला, असं वाटावं.

"नाना! कांदा हलव! सूनबाईनं कॉम्प्युटरवर पाहिलंय!… अरे अंदाज नाय, इंजिनियर हाये ती!"

खरं सांगू? तिथंच थांबवता आलं असतं. पण 'इंजिनियर हाये ती' हे त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होते. बरं वाटलं हो! गप्प बसले.

रविवारी अण्णा मला गावी घेऊन गेले, सगळ्यांना नीट समजावून सांगायला. नानांच्या घरात पाय ठेवला, तर ठेवायला जागाच नाही. बैठकीत कांदा, पलंगाखाली कांदा, देव्हाऱ्यापुढं कांदा. ते बघून शेजारच्या दोघांनीही आपापल्या चाळी रिकाम्या केलेल्या!

"बसा की, सूनबाई," माझ्या चुलत सासूबाई, नानी, म्हणाल्या. "कुठं, ते मात्र नका इचारू."

ओट्यावर दहा-बारा माणसं जमलेली. माझ्या डोक्यावर पदर, कांद्याच्या गोणीवर लॅपटॉप. चित्र दाखवलं. नानांनी डोळे बारीक केले.

"पाणी मोरीतून पलीकडं गेलं?"

"गेलं."

"मग फुडं कुठं गेलं?"

"पुढं… पुढं मॉडेल संपतं, नाना."

"मॉडेल संपतं, व्हय. पण वढा नाय ना संपत! का तिथं भिंत बांधली तुम्ही?"

बांधली होती.

म्हणजे असं, की मॉडेलच्या कडेवरून पाणी बाहेर जाऊ द्यायचं की नाही, ते आपण सांगायचं असतं. नाही सांगितलं तर ते कड बंद धरतं. मी सांगितलंच नव्हतं! कसला पूर नि कसलं काय, मी दोन दिवस बूच लावून टब भरत होते.

पदर आणखी पुढं ओढला आणि पुटपुटले, "नाना, चुकलं माझं. काढते भिंत." सगळे मागून डोकावत असताना तिथंच सेटिंग बदललं, मॉडेल पुन्हा चालवलं. काय सांगावं! निळ्याचा ठिपका नाही. चाळ कोरडी ठणठणीत!

"बघा!" अण्णांची छाती फुगली. "पाच मिनिटांत पूर उतरवला!"

नानांनी मुकाट्यानं ट्रॅक्टर सुरू केला. संध्याकाळपर्यंत कांदा परत चाळीत. गोण्या उचलून माझी पाठ धरली, आणि नानी जाता जाता म्हणाल्या, "सूनबाई, पुन्हा घराची मांडणी बदलायच्या आधी सासूला इचारत जा, माय."

सोमवारी ऑफिसात सरांनी मॉडेल उघडलं.

"पाण्याला बाहेर जायला वाट दिलीस, छान. पण ते आत कुठून येतंय?"

मी बघितलं. ओट्यावरच्या गडबडीत खालच्या कडेबरोबर वरची कडही मी 'बाहेर' करून ठेवली होती. ओढ्यात थेंबभर पाणी येतच नव्हतं! कोरड्या ओढ्याकाठी कांदा सुरक्षित असतो, हे सांगायला इंजिनियर कशाला लागतो? आणि त्या चित्राच्या भरवशावर तीन घरांचा कांदा मी परत ओढ्याकाठी नेऊन ठेवला होता.

सर शेजारी बसले. वरून पाणी आत, खालून बाहेर. श्वास रोखून मॉडेल चालवलं. पाणी आलं, नळ्यांतून शहाण्यासारखं निघून गेलं, चाळीच्या कितीतरी खालीच राहिलं. हुश्श! कांदा आहे तिथंच बरा होता.

पण खरं काय ते सांगायला नको का? बाहेर जाऊन नानांना फोन लावला. या वेळी वाक्य पुरं करायचंच, असं ठरवून.

"नाना, मी बोलतेय. ते कालचं मॉडेल…"

"थांबा, सूनबाई," नाना म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून घरच्यांना ओरडून म्हणाले, "ट्रॅक्टर काढा रं! सूनबाईचा फोन आलाय!"