मास्तरांचं नाक आणि माझ्या बांगड्या

आमच्या ह्यांचं नाक सबंध भोरात प्रसिद्ध होतं. दिसायला म्हणाल तर बेताचंच, टोकाला जरा बसकं. पण तांदळाच्या बाबतीत त्या नाकाचा शब्द शेवटचा. पौषात वेल्ह्याकडून नवा आंबेमोहोर बाजारात उतरला, की बाजारातल्या किराणावाल्या चाचांच्या दुकानात गोणी विकायला काढायची ती मास्तरांनी वास घेतल्यावरच, असा रिवाजच पडून गेला होता. हे लिहिताना मला आजही हसू आवरत नाही. आंबेमोहोर आणि भुसा यांतला फरक ह्यांना वासावरून कळला असता, तर मी नाव बदललं असतं.

हे संस्थानच्या शाळेत मास्तर. मूळचे माणदेशाकडचे, ज्वारीच्या मुलखातले. भाताशी ओळख सणासुदीपुरती, तीही घासभर. मी मार्गासनीच्या पलीकडची. माझ्या माहेरी उंबऱ्याच्या खाली उतरलं की भातखाचरच. आंबेमोहोर फुलोऱ्यात आला की आम्ही पोरी बांधावरून नाक वर करून पळायचो आणि आई ओरडायची, पाय बघा, पाय! तांदूळ कसा ओळखायचा हे मला आईनंच शिकवलं. चिमूटभर दाणे तळहातावर चोळायचे, तोंडाची गरम वाफ द्यायची आणि मग हुंगायचं. चोख असला तर वास नाकात शिरायला परवानगी मागत नाही. भेसळ असली तर दारातच घुटमळतो.

चाचांचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. चाचांचं कुटुंब बागवानांचं, त्यामुळं पुढं भाजीपाला आणि फळं, आत किराणा. पुढं बसायच्या चाची. वांग्यांचा ढीग, पावट्याच्या शेंगा आणि ओल्या मिरच्या यांच्या मधोमध त्या अशा बसायच्या की त्यांना उठायचं म्हटलं तर आधी भाजी हलवावी लागे. आत तांदूळ, डाळी, गूळ यांच्या गोणींत चाचा. त्यांची विकायची तऱ्हा जगावेगळी. गिऱ्हाइकानं घेवडा मागितला की आधी म्हणणार, "घेवडा नका घेऊ, जून हाय." वांगी मागितली तर, "आज न्हाई, किडकी निघत्यात." निम्मा बाजार परतवून लावल्यावर जे उरेल ते घ्यायचं, आणि ते घरी नेऊन बघावं तर अगदी सोन्यासारखं. चाचींचा कायदा निराळाच. पिशवीत कोथिंबिरीची काडी आणि चार मिरच्या वरून पडल्याशिवाय त्या कुणाला दुकानाची पायरी उतरू द्यायच्या नाहीत. एकदा एक गृहस्थ नुसता रस्ता विचारायला आले होते, तेही कोथिंबीर घेऊन गेले.

लग्न होऊन मी भोरात आले त्या पहिल्याच पौषात हे सगळं सुरू झालं. दुकानात गर्दी होती. हे पुढं, मी मागं, डोक्यावर पदर. चाचांनी पसाभर तांदूळ ह्यांच्यापुढं धरला, "बघा मास्तर, आंबेमोहोर." ह्यांनी हातात घेतला आणि भांबावून निम्मा मागं माझ्या ओंजळीत टाकला. मी चोळला, हुंगला आणि हळूच म्हटलं, "निम्मा दुसराच आहे." झालं! ह्यांनी मान ताठ केली, डोळे मिटले आणि वर्गातल्या आवाजात जाहीर केलं, "चाचा, यात निम्मी भेसळ आहे." चाचांनी गोणी उपसली. वर आंबेमोहोर आणि खाली भलताच तांदूळ निघाला. गोणी आणणारा दलाल तोंड लपवून पळाला, आणि तिथल्या तिथं मास्तरांच्या नाकाचा जन्म झाला.

पुढच्या बाजाराला बघायलाच माणसं जमली. एवढ्या लोकांत कुजबुजायची सोय राहिली नाही, म्हणून आम्ही बांगड्यांची खूण ठरवली. हे दाणे झटकल्यासारखा हात मागं करायचे, मी झेलायची, हुंगायची. बांगड्या एकदा वाजल्या की चोख, दोनदा वाजल्या की भेसळ. तोवर हे डोळे मिटून असे उभे, की जणू समाधीच लागली आहे. बांगड्या वाजल्या की एक डोळा उघडायचा आणि निकाल द्यायचा. मला मागं पदरात हसू दाबताना घाम फुटायचा.

गंमत अशी की दोन-तीन वर्षांत ह्यांना ते खरंच वाटायला लागलं. घरी येऊन म्हणायचे, "आज जरा कोवळा वास होता, नाही?" मी म्हणायची, "हो ना." म्हणायला माझं काय जात होतं? पण खरं सांगायचं तर कधीकधी जायचं. चारचौघांत कुणी म्हणालं, "मास्तरीणबाई, नशीबवान हो तुम्ही, असं नाक घरात!" की मनात चरचरायचं. मग मी त्या दिवशी भात मुद्दाम गिचका करायची.

पाचव्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे दसऱ्यापासून ह्यांना तपकिरीचा नाद लागला. शाळेतल्या कुणी सोबत्यानं लावला होता. डबी कोटाच्या आतल्या खिशात, आणि मला काही माहीतच नाही अशी ह्यांची समजूत. दिवसाला वीस शिंका आणि वर "थंडी पडलीय" हे उत्तर. दुसरी म्हणजे नव्या तांदळाच्या बाजाराच्या आदल्याच दिवशी मला कावळा शिवला. त्या काळी तीन दिवस मागच्या पडवीत बसायचं, कशाला शिवायचं नाही, आणि शेजारी घरमालकीणबाई डोळ्यांत तेल घालून पहाऱ्याला. चूल ह्यांच्याकडं. म्हणजे तीन दिवस पिठलं.

"मी एकटा जातो," हे पिशवी घेत म्हणाले. "पाच वर्षं वास घेतोय. तुझ्याशिवाय अडत नाही काही."

मी कपाळाला हात लावला. स्वतःच्या कपाळाला शिवायला बंदी नव्हती.

दुपारच्या आत हे परत आले ते विजयी वीरासारखे. आत जाऊन चुलीवर पिठलं टाकलं आणि पडवीच्या दारात येऊन उभे राहिले. "भेसळ पकडली! गोणीची गोणी. डोंगराकडची कुणी बाई बैलावर घालून घेऊन आली होती. हुंगलं, काहीच वास नाही! म्हटलं, बाई, हा आंबेमोहोर नव्हे, तुम्ही खोट घातलीत. फार भांडली. गोणीवर बसून राहिलीय, उठतच नाही. हा बघ नमुना." आणि रुमालाची गाठ सोडून वरूनच माझ्या पत्रावळीवर पसाभर तांदूळ टाकला.

तो चोळायचीही गरज नव्हती. पत्रावळीवर पडला तसा वास वर आला, आणि मी एकदम बांधावर उभी. आईचं ओरडणं ऐकू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

"अहो, हा चोख आहे! माझ्या माहेरच्या खोऱ्यातला आहे हा!"

"छे! काहीच वास नाही त्याला."

"आणि आता घरात कसला वास येतोय?"

हे छाती फुगवून, नाक वर करून, भरपूर श्वास घेऊन म्हणाले, "कसलाही नाही."

त्यांच्या पाठीमागं स्वयंपाकघरातून काळा धूर येत होता. पिठलं जळून कोळसा झालं होतं, त्या वासानं घरमालकीणबाई परसात येऊन "कुणाचं काय पेटलं हो?" म्हणून विचारत होत्या. हे वळले, धूर पाहिला आणि मटकन खाली बसले. मग मुकाट्यानं आतल्या खिशातून डबी काढून जमिनीवर ठेवली.

एरवी मी हसून लोळले असते. पण मला त्या बाईचं बसणं दिसत होतं. आमच्याकडं भाताला खोट घातली असं एकदा कुणी बोललं, की ते त्या घराला चिकटतं. पोरीबाळींच्या सोयरिकीच्या वेळीसुद्धा लोक ते काढतात. ती बाई पैशासाठी बसली नव्हती. भर बाजारात तिला लबाड म्हटलं होतं, आणि ते म्हणणारा माणूस माझा नवरा होता, माझ्याच नाकावर मोठा झालेला. माझं डोकं फिरलं.

"चला," मी उठले.

"अगं, तू बाजूला बसलीयस! आणि मी काय सांगू लोकांना? शाळेतली मुलं असतात बाजारात. माझी काय अब्रू राहील?"

"तिची राहिली का?"

ह्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. मी परसातून बाहेर पडले, घरमालकीणबाईंनी "अगो बाई, भ्रष्टाकार!" म्हणून डोळ्यांवर हात घेतला, आणि मी रस्त्याच्या मधून, ह्यांच्यापासून चार हात राखून, वाटेतली माणसं चुकवत निघाले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी पुढं होते आणि हे मागं. रागाच्या भरातही तेवढी मौज माझ्या ध्यानात आली.

दुकानापुढं ही गर्दी! मधोमध गोणी आणि गोणीवर ती बाई, पदर खोचून, हाताची घडी घालून. माझ्या आईच्या वयाची असेल. चाचा तिला पाणी देत होते, ती घेत नव्हती. "म्या भेसळ केली म्हनता? हितनं हलनार न्हाई," एवढंच तिचं चाललं होतं. मी रस्त्याच्या पलीकडं, कुणाला स्पर्श होणार नाही अशी उभी राहिले.

हे पुढं झाले, घसा साफ केला आणि वर्गात सुरुवात करतात तशी सुरुवात केली, "मंडळी, वास ही मोठी फसवी गोष्ट आहे. हवामान, थंडी…"

"मास्तर, जरा दमानं घ्या," चाची भाजीतून मान वर न करता म्हणाल्या. "बांगड्या आल्यात त्या बघा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"एकदा वाजल्या की चोख, दोनदा वाजल्या की भेसळ," चाची शांतपणे पावटा निवडत म्हणाल्या. "मी हितं पुढं बसते. मला काय ऐकू येत न्हाई व्हय? आवं, पाच वर्सं झाली, आमी तुमच्या नाकावर कवाच तांदूळ इकला न्हाई. बांगड्यांवर इकतो. आज तुमी एकलेच आला, बांगड्या काय वाजल्या न्हाईत. म्हनूनच मी ह्यास्नी म्हनलं, गोणी ठिवा बाजूला. इकायची न्हाई, का माघारी धाडायची न्हाई."

लोक असे हसले, असे हसले, की कुणीतरी कलंडून वांग्यांच्या ढिगात बसलं. चाचा डोळे पुसत होते. शाळेतली दोन पोरं तर एकमेकांना धरून नाचत होती. आणि हे? ह्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता हे वळतील आणि घराकडं जातील, आणि जन्मभर माझ्याशी बोलणार नाहीत.

ह्यांनी टोपी काढली. सरळ गोणीपाशी गेले आणि त्या बाईला हात जोडून म्हणाले, "मावशी, मी चुकलो. तुमचा तांदूळ चोख आहे. मला वास येत नाही. आज नाही, आणि खरं सांगतो, कधीच कळत नव्हता. नाक हिचं आहे." आणि माझ्याकडं बोट केलं.

हसणं थांबलं. पाच वर्षांत मला ह्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मघाचा सगळा राग कुठल्या कुठं गेला आणि रडू यायला लागलं.

पण ती बाई तशीच. "चोख म्हनलात ते तुमच्याच त्वांडानं," ती म्हणाली, "आन् मगा खोट म्हनलात ते बी ह्याच त्वांडानं. तुमच्या सांगन्यावर म्या उठायची न्हाई. जिला कळतंय तिला बोलू द्या."

तिनं बसल्या जागेवरून गोणीत हात घातला आणि मूठ पुढं धरली. लोकांनी वाट करून दिली. मी दोन पावलं पुढं गेले आणि थबकले.

"मावशी, मी शिवायची नाही. बाजूला बसलेय मी."

"वासाला कुटला आलाय इटाळ?" ती फिसकारली. "धर वंजळ."

मी ओंजळ धरली. तिनं वरून दाणे सोडले. आजूबाजूला सबंध बाजार कान टवकारून उभा, बांगड्या किती वेळा वाजतात ते ऐकायला. पण दोन्ही हात ओंजळीत अडकलेले. बांगड्या वाजवायच्या कशा? मी तोंडाची वाफ दिली, वास घेतला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच मला चारचौघांत माझ्या तोंडानं सांगावं लागलं.

"चोख!"

आवाज इतका मोठा निघाला की पलीकडचा बैल दचकला. मागं ह्यांनी एक सणसणीत शिंक दिली.

तेव्हा कुठं ती बाई गोणीवरून उठली.